बायबलाचा चित्रकार गुस्ताव दोरे

जुन्या बायबल-कथांची पुस्तके ज्यांनी बालपणी चाळली असतील, त्यांस एक चित्र बहुधा आठवत असेल. चोहोंकडे महापुराचे पाणी आहे. बुडावयाचा राहिलेला एकच खडक मध्ये उभा आहे. त्याच्या माथ्यावर एक वाघीण आपल्या पिलांसह येऊन बसली आहे, आणि खाली गटांगळ्या खाणारे आईबाप स्वतःचा जीव जात असताही लेकरांस त्या खडकावर ढकलीत आहेत. वाघिणीचे भय त्यांस उरलेले नाही. नोहाच्या तारवाची कथा आपण कितीदा तरी ऐकतो. परंतु तारवाबाहेर जे राहिले त्यांचे काय झाले, हा विचार आमच्या मनात प्रथम ह्या चित्राने आणिला, हे आम्ही कबूल करतो.

चित्राच्या खालच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत चित्रकाराचे नाव असते आणि पुष्कळदा दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक नाव असते. पहिले नाव गुस्ताव दोरे याचे. (ह्या नावाशी आपल्या सुताच्या दोऱ्यांचा काही एक संबंध नाही, हे मुलांकरिता सांगून ठेवतो.) दुसरे नाव कोणाचे, ते पुढे ओघाने येईल. मोशे कसा दिसत असेल, रूथ कशी सरवा वेचीत असेल, हे देशोदेशींच्या ख्रिस्ती घरांतील मुलांच्या मनात ज्याच्या हाताने ठसविले, त्या पुरुषाचे चरित्र आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नसावे. म्हणून महोत्सवाच्या ह्या अंकात ते सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

गुस्तावचा जन्म फ्रान्स देशाच्या पूर्व सीमेवरील स्ट्रासबूर्ग शहरी ६ जानेवारी १८३२ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी झाला. बाप सरकारी रस्ते व पूल बांधणाऱ्या खात्यात इंजिनियर होता. ह्या शहरातील मोठ्या देवळाचा मनोरा १४२ मीटर उंच असून त्या काळी जगात त्याहून उंच इमारत नव्हती. तांबूस दगडाचे ते कोरीव काम, त्या उंच कमानी आणि त्यांखालचा अंधार ह्यांच्या सान्निध्यात मुलाचे पहिले दिवस गेले. पुढे बापाची बदली बूर्ग ह्या गावी झाली. तेथून जवळच्या डोंगरांत मुलगा बापाबरोबर भटके. त्याच्या चित्रांत जे कडे, दऱ्या आणि देवदारांची रांग वारंवार येते, तिचे मूळ ह्या दोन ठिकाणी आहे असे आम्हांस वाटते. पॅलेस्टाईन देशात तो कधी गेला नाही. सबब त्याचा सिनाय पर्वत पुष्कळसा युरोपातील डोंगरांसारखा दिसतो, ह्यात नवल नाही.

चित्रकलेचा धडा त्याने कोणापाशी घेतला नाही. शाळेच्या वह्यांच्या समासांत तो शिक्षकांची व शेजाऱ्यांची व्यंगचित्रे काढी. मुलाने आपल्याप्रमाणे इंजिनियर व्हावे ही बापाची इच्छा होती, आणि चार मुलखांतील कोणत्याही बापाची असती तशीच ती होती. तीत दोष देण्यासारखे काही नाही. परंतु १८४७ च्या सप्टेंबरात मातापित्यांबरोबर तो पॅरिस पाहावयास गेला असता एक गोष्ट घडली. शार्ल फिलिपों नावाच्या एका प्रकाशकाच्या दुकानाच्या काचेत विनोदी चित्रे मांडलेली त्याने पाहिली. दुसऱ्या दिवशी आजाराचे निमित्त करून तो बिऱ्हाडी राहिला, काही चित्रे काढली आणि ती घेऊन एकटाच त्या दुकानी गेला. त्याचे वय त्या वेळी पंधरा वर्षांचे होते. फिलिपोंने चित्रे पाहिली व मुलास सोडले नाही; त्यानेच बापाची समजूत घातली. मुलगा पॅरिसला राहिला, दिवसा शार्लमान्य विद्यालयात शिकू लागला आणि करारान्वये दर आठवड्यास फिलिपोंच्या विनोदी पत्राकरिता एक पान चित्रे भरून देऊ लागला. त्याच वर्षी त्याचे पहिले चित्रपुस्तक शिळाछापावर छापून निघाले.

१८४९ साली बाप वारला. सतराव्या वर्षी मुलगा कमावता झाला. विधवा आई पॅरिसला आली आणि रू सें-दोमिनिक ह्या रस्त्यावरील घरात मायलेकांचा संसार सुरू झाला. तो दोघांपैकी एकाच्या मृत्यूपर्यंत टिकला, कारण गुस्तावने लग्न केले नाही. घर नेहमी पाहुण्यांनी गजबजलेले असे. गुस्ताव फिडल उत्तम वाजवी, गात असे, आणि अंगात इतकी चपळाई की चार माणसांत हातांवर चालून दाखविण्यासही तो मागेपुढे पाहत नसे. पॅरिसचे नामांकित गायक व लेखक त्या दिवाणखान्यात येत. परंतु सकाळ मात्र कामाची.

आता त्या कामाची रीत सांगितली पाहिजे, कारण ती समजल्यावाचून ह्या मनुष्याची थोरवीही समजणार नाही आणि त्याचे दुःखही समजणार नाही. फोटोवरून जस्ताचे ब्लॉक करण्याची सोय त्या काळी झालेली नव्हती. पुस्तकात खिळ्यांबरोबर चित्र छापावयाचे तर ते लाकडावर कोरावे लागे. ह्याकरिता बॉक्स नावाच्या झाडाचे लाकूड वापरीत. हे झाड अत्यंत सावकाश वाढते, म्हणून त्याचे लाकूड हस्तिदंतासारखे घट्ट असते. खोडाचा आडवा छेद घेऊन त्या तोंडावर कोरले म्हणजे कोरणी कोणत्याही दिशेस सारखी चालते, रेषा केसाइतकी बारीक निघते आणि ठसा हजारो प्रती काढूनही झिजत नाही. अडचण एवढीच की ह्या झाडाचे खोड बारीक असते. मोठे चित्र हवे असल्यास लहान लहान तुकडे एकमेकांस घट्ट जोडून फळी तयार करावी लागे. तिचे तोंड घासून गुळगुळीत करीत व त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात देत. मग ती फळी चित्रकाराकडे येई.

चित्रकाराने चित्र त्या फळीवरच काढावयाचे, आणि तेही उलटे. छापल्यावर उजवे ते डावे होणार म्हणून. दोरेने पूर्वी शाईच्या रेषांनी चित्रे काढली होती व त्या रेषा कोरणारा मागोमाग जशाच्या तशा ठेवीत असे. पुढे त्याने ही रीत सोडली. तो कुंचल्याने, पाण्यात विरवलेल्या शाईने छाया भरी आणि पांढऱ्या रंगाने उजेड काढी. म्हणजे फळीवर रेषा नाहीतच. केवळ काळोख, उजेड आणि त्या दोहोंमधील करडे धुके. हे धुके रेषांत कसे उतरवावयाचे, रेषा दाट कोठे, विरळ कोठे, वाकड्या कोठे, हा सर्व निर्णय कोरणाऱ्या कारागिराचा. चित्राच्या दुसऱ्या कोपऱ्यात जे नाव असते ते ह्या कारागिराचे. पिझां, पानमाकेर, जोनार ही त्यांतील काही प्रसिद्ध नावे. दोरेचा हात ओळखणारी अशी एक तुकडीच त्याने हळूहळू तयार करून घेतली होती. आपल्या वाचकांनी पुढच्या वेळी असे एखादे चित्र हाती आल्यास भिंग घेऊन पाहावे. ढगातून येणारा जो उजेड आपणांस अखंड दिसतो, तो वस्तुतः शेकडो समांतर पांढऱ्या चरांचा बनलेला आहे.

ह्या व्यवस्थेत एक गोष्ट अटळ होती. कोरणी चालली की मूळ चित्र भुशाबरोबर उडून जाई. चित्रकाराने स्वतःच्या हाताने जे काढले ते कोणाच्याही दृष्टीस कधी पडत नसे. लोकांपुढे येई तो त्याचा छाप. दोरेचे समकालीन सांगतात की सकाळी तो एकाच वेळी अनेक फळ्या समोर मांडून बसे आणि एकीवरून दुसरीवर असा हात फिरवीत जाई. मनुष्य समोर बसवून चित्र काढण्याची त्यास गरज पडत नसे. पाहिलेली वस्तू त्याच्या डोळ्यांत राही. ही स्मरणशक्ती त्याचे मोठे धन होते, पण तीच त्याच्या उणिवेचेही कारण झाली असे आम्हांस वाटते. घाईत काढलेल्या त्याच्या कित्येक चित्रांतील माणसे एकाच साच्यातली वाटतात. त्याने काढलेल्या एकंदर चित्रांचा आकडा दहा हजारांपर्यंत नेणारे लोक आहेत. इतके काम केलेल्याच्या हातून सर्वच उत्तम व्हावे, ही अपेक्षाच व्यर्थ होय.

प्रारंभी त्याने राबले ह्या जुन्या फ्रेंच लेखकाच्या ग्रंथास चित्रे काढली. तो ग्रंथ १८५४ साली निघाला व त्याने चित्रकाराचे नाव झाले. मात्र ग्रंथ मुलांच्या हाती देण्यासारखा नव्हे. पुढच्या वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने एक संकल्प केला. जगातील श्रेष्ठ ग्रंथ निवडावयाचे, दांते, सेर्वांतेस, मिल्टन, शेक्सपियर, होमर आदी तीसेक ग्रंथांची यादी करावयाची, आणि सर्वांस एकाच मोठ्या आकाराची चित्रे काढावयाची. चार पैशांच्या विनोदी पत्रांतून चित्र बाहेर काढून त्यास ग्रंथात मानाचे स्थान द्यावे, हा त्याचा हेतु होता.

पहिला ग्रंथ त्याने दांतेचा ‘नरक’ निवडला. प्रकाशक अशेत यास हा व्यवहार बुडीत वाटला. शंभर फ्रँकांचे पुस्तक कोण घेईल, ही त्याची शंका व्यापारी दृष्टीने चुकीची नव्हती. तेव्हा दोरेने खर्च स्वतः सोसला. १८६१ साली ७६ चित्रांसह ग्रंथ बाहेर पडला व पाहता पाहता खपला. प्रकाशकास आपली चूक आनंदाने कबूल करावी लागली. त्याच वर्षी फ्रान्स सरकारने चित्रकारास ‘लेजिओं दोनर’ हा मान दिला. १८६२ साली पेरोच्या परीकथा आणि १८६३ साली ‘डॉन किहोटे’ निघाला. ह्या शेवटल्या ग्रंथाकरिता त्याने स्पेन देशाचा प्रवास केला होता, आणि उंच, हडकुळा, भाला घेतलेला तो म्हातारा वीर व गाढवावरचा त्याचा लठ्ठ सोबती आज आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते बहुतांशी दोरेने काढलेले.

मग बायबल. तूर शहरातील माम ह्या प्रसिद्ध प्रकाशन-संस्थेने हा ग्रंथ हाती घेतला. लॅटिन वल्गात पाठावरून फ्रेंच भाषांतर तूर येथीलच बूरासे व जांव्हिये ह्या दोन धर्मगुरूंनी केले. दोन प्रचंड भाग, २२८ पूर्णपृष्ठ चित्रे, आणि मजकुराच्या दोन रकान्यांमध्ये जियाकोमेल्ली ह्या चित्रकाराची नाजूक वेलबुट्टी, असा हा ग्रंथ १८६६ हे साल घालून निघाला. फ्रान्सबाहेर त्याचा प्रसार ठशांमुळे झाला. कोरलेल्या लाकडी ठशावरून विजेच्या साहाय्याने तांब्याची प्रतिकृती करता येत असे व ती परदेशी पाठविता येत असे. लंडनमध्ये कॅसेलने प्रॉटेस्टंट पंथाच्या इंग्रजी पाठास तीच चित्रे लाविली. जर्मन, इटालियन आदी भाषांच्या आवृत्त्या निघाल्या. ज्या दोन पंथांचे बायबलाच्या पाठाविषयी एकमत नव्हते, त्यांच्या मुलांनी चित्रे मात्र एकच पाहिली.

ह्या चित्रांत चित्रकाराने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्या सुमारास निनवे व इजिप्त येथील उत्खननांतून निघालेल्या मूर्ती पॅरिस व लंडनच्या संग्रहालयांत येऊन पोहोचल्या होत्या. दोरेने त्यांचा उपयोग केला. बेलशस्सराच्या मेजवानीच्या दालनातील ते अवाढव्य खांब व पंख असलेले बैल तेथून आले. पण त्याचे खरे बळ सामग्रीत नसून प्रमाणात आहे. तो माणूस लहान काढतो आणि आकाश, भिंत, पर्वत किंवा जमाव मोठा काढतो. बाबेलचा बुरूज ढगांत शिरलेला आहे. पायथ्याशी दगड ओढणारे लोक मुंग्यांसारखे आहेत. आणि जेथे गर्दी नाही तेथे तो एकाच उजेडावर चित्र तोलतो. याकोब देवदूताशी झुंजतो आहे, कड्यावर दोघेच आहेत, पहाट होत आहे. नव्या करारातील चित्रे आम्हांस जुन्यातील चित्रांहून थोडी फिकी वाटतात. प्रलय आणि युद्धे ह्यांत रमलेला हा हात प्रभूच्या शांत मुखापुढे थोडा संकोचला की काय कोण जाणे. गेथशेमने बागेतील चित्र मात्र आम्ही ह्यातून वगळतो.

इतकी कीर्ती मिळाल्यावर मनुष्याने सुखी असावे. परंतु दोरे सुखी नव्हता. त्यास तैलचित्रकार व्हावयाचे होते. पॅरिस येथे दरसाल भरणाऱ्या सालाँ नामक सरकारी प्रदर्शनात १८५१ पासून तो मोठमोठी तैलचित्रे पाठवी. परीक्षक ती टांगीत, आणि टीकाकार लिहीत की ही पुस्तकातील चित्रेच मोठी करून रंगविली आहेत. पुस्तकांची चित्रे काढणारा म्हणजे कारागीर, खरा चित्रकार नव्हे, असा त्या मंडळींचा समज होता. दोरेस हे शब्द फार लागत. आमचे मत विचाराल तर टीका सर्वस्वी अन्यायाची नव्हती. काळ्यापांढऱ्यात अद्भुत काम करणाऱ्या ह्या डोळ्यास रंगाची तितकी जाण नव्हती, आणि कोठे शिक्षण घेतलेले नसल्यामुळे चूक दाखविणारा गुरूही कधी मिळाला नव्हता. पण ज्या कामात तो अद्वितीय होता ते कामच हलके ठरवावे, ही गोष्ट अन्यायाची होती. आणि दुर्दैव असे की स्वतः दोरेसही मनातून टीकाकारांचेच म्हणणे पटलेले होते. पुस्तकांच्या पैशातून तो रू बायार ह्या रस्त्यावरील आपल्या प्रशस्त चित्रशाळेचा खर्च चालवी आणि दुपारी तेथे जाऊन तैलचित्रे रंगवी.

मायदेशाने जे नाकारले ते लंडनने दिले. १८६८ साली न्यू बाँड स्ट्रीटवर केवळ त्याच्या चित्रांचे एक कायमचे दालन उघडले. तेथे एक शिलिंग देऊन लोक येत व मोठमोठी धर्मविषयक चित्रे पाहत. ‘न्यायमंदिरातून निघालेला ख्रिस्त’ हे त्यांतील सर्वांत मोठे. सुमारे सहा मीटर उंच व नऊ मीटर रुंद. १८६७ मध्ये आरंभिलेले हे चित्र १८७२ मध्ये पुरे झाले. मध्ये १८७० चे युद्ध आले. वेढा पडलेल्या पॅरिसमध्ये दोरे नागरिकांच्या पलटणीत भरती झाला. युद्धाअंती आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला आणि त्याबरोबर त्याची जन्मभूमी स्ट्रासबूर्गही परकी झाली. त्या शोकात त्याने काही चित्रे काढली, ती करड्या रंगाची आहेत.

लंडनच्याच कामात त्याच्या हातून एक असा ग्रंथ झाला की ज्यात देवदूत नाहीत, राक्षस नाहीत, फक्त माणसे आहेत. ब्लँचर्ड जेरल्ड ह्या पत्रकाराबरोबर तो त्या शहराच्या गल्लीबोळांतून, साध्या पोशाखातील पोलिसांच्या संगतीने रात्री-अपरात्री हिंडला. १८७२ साली ‘लंडन : एक यात्रा’ हा १८० चित्रांचा ग्रंथ निघाला. आगगाडीच्या पुलाखाली दाटीने उभी असलेली मजुरांची घरे व त्यांची एकसारखी परसे; गोदीवरची गर्दी; निराधारांच्या रात्रनिवासात पेट्यांसारख्या बिछान्यांत ओळीने पडलेले लोक आणि त्यांस दिव्याच्या उजेडात पवित्र शास्त्र वाचून दाखविणारा एक मनुष्य. इंग्लिश टीकाकारांस हे रुचले नाही. आपल्या राजधानीची गरिबीच ह्या परक्याने तेवढी पाहिली, असे त्यांस वाटले. त्यात न्यूगेट तुरुंगाच्या अंगणाचे एक चित्र आहे. उंच विटांच्या भिंतींच्या तळाशी कैदी एकामागून एक गोल फिरत आहेत, आणि आकाश दिसतच नाही.

पुढील वर्षांविषयी थोडक्यात सांगतो. इंग्लिश कवी कोलरिज याच्या खलाशाच्या काव्यास त्याने स्वखर्चाने चित्रे काढली. १८७६ चे ते पुस्तक खपले नाही आणि त्यास ठोकर बसली. मग तो मूर्तिकाम करू लागला, तेही कोणापाशी न शिकता. शेक्सपियरची चित्रे करावयाची राहिलीच होती. १८८१ साली आई वारली. जन्मभर जिच्याशी दिवसाचे काम संपवून बोलावयाचे ती गेल्यावर घरात कोणी उरले नाही, आणि मित्रांस तो एकाएकी म्हातारा दिसू लागला. तथापि काम थांबले नाही. लेखक अलेक्सांद्र द्युमा याचे पॅरिसमधील स्मारक त्याने मोबदला न घेता घडविले. त्याच्या पायथ्याशी एक मुलगी, एक विद्यार्थी आणि एक मजूर एकच पुस्तक वाचीत आहेत. न्यूयॉर्कच्या हार्पर कंपनीकरिता पो ह्या कवीच्या ‘कावळा’ काव्याची २६ चित्रे त्याने पुरी केली. आणि ‘अश्रूंचे खोरे’ हे शेवटचे मोठे तैलचित्र रंगविले, ज्यात काळोख्या दरीतील आजारी, लंगडे, राजे, भिकारी असे सर्व जण दूर उजेडात क्रूस घेऊन उभ्या असलेल्या प्रभूकडे वळले आहेत. २३ जानेवारी १८८३ रोजी हृदयविकाराने त्यास मृत्यू आला. वय ५१ वर्षांचे होते. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यास पुरले. स्मारकाचे उद्घाटन त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात झाले. ते त्याने पाहिले नाही, आणि ‘कावळ्या’चे पुस्तकही त्याच्यामागे निघाले.

लंडनच्या दालनातील तैलचित्रे १८९२ नंतर अमेरिकेस गेली, तेथे काही वर्षे गावोगाव दाखविली गेली व पुढे कित्येक दशके वखारीत बांधून पडली. ‘न्यायमंदिरातून निघालेला ख्रिस्त’ हे प्रचंड चित्र आता त्याच्या जन्मगावी, स्ट्रासबूर्गच्या संग्रहालयात आहे. ‘अश्रूंचे खोरे’ पॅरिसमध्ये आहे.

त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १८९० च्या फेब्रुवारीत, दक्षिण फ्रान्समधील सें-रेमी येथील मनोरुग्णालयात व्हिन्सेंट व्हॅन गॉग नावाचा एक डच चित्रकार राहत होता. बाहेर जाऊन चित्रे काढण्याइतकी त्याची प्रकृती त्या दिवसांत नव्हती, म्हणून तो छापील चित्रे समोर ठेवून त्यांवरून रंगवीत असे. त्यांत न्यूगेटच्या अंगणाचा तो छाप होता. पिझांच्या कोरणीने कापलेल्या दोरेच्या काळोखास त्याने निळा, हिरवा व तांबूस रंग दिला, आणि ते तैलचित्र आता मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे.